दोडक्याचा मांडव आणि तुऱ्याचं गवत

मांडवाखाली उभी राहून मी दोडके काढत होते. हात वर करायचा, पानांतून चाचपडत जायचं, शिरा बोटांना लागल्या की नख लावून बघायचं. नख रुतलं तर कोवळा, नाही रुतलं तर बियाणाला ठेवायचा. टोपली निम्मी भरली होती, तेवढ्यात फाटकातून टेम्पो आत आला आणि मागोमाग रोशनबीची हाक.

"मालन, अगं ये इकडं! गवत आलंय."

"गवत? आपल्याकडं म्हैस कुठाय?"

"म्हशीचं न्हवं गं. बागंतलं. सायबाच्या बंगल्यात असतंय तसलं. ये, हात लाव, चावत न्हाई."

मी मांडवाचे बांबू धरत धरत कडेपर्यंत गेले. रोशनबीनं माझा हात ओढून एका ठोंबावर ठेवला. लांबलचक, खरखरीत पात. बुडाशी मातीचा गोळा गोणपाटात बांधलेला. ना वास, ना फळ, ना फूल. मी हात झटकला.

मिरजेजवळच्या माळावर अंध बायकांचं एक प्रशिक्षण केंद्र होतं, तिथली ही गोष्ट. आता पंचवीसेक वर्षं झाली. मी तिशीतली होते. काचबिंदूनं आधी कडेकडेचं दिसणं नेलं, मग मधलं, आणि एका उन्हाळ्यात सगळंच. आमचं घर तासगावच्या बाजूला. नवरा महादेव सुताराचं काम करायचा. एक मुलगी, उज्ज्वला, घरात सगळे तिला उज्जी म्हणायचे. डोळे गेल्यावर वर्षभर मी उज्जीच्या खांद्यावर हात ठेवून वावरले. देवळात जायचं, उज्जी. डॉक्टरकडे जायचं, उज्जी. कुणाच्या लग्नाला जायचं, शाळा बुडवून उज्जी. माझा हात तिच्या डाव्या खांद्यावर इतका असायचा की फ्रॉकची तेवढी बाजू विटली, असं आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या. मग कुणीतरी केंद्राचं नाव सांगितलं आणि महादेवनं मला इथं आणून सोडलं.

चालायला शिकवणारे सर आठवड्यातून तीनदा यायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी पांढरी काठी हातात दिली. मी ती खोलीतल्या खिळ्याला अडकवली, ती तिथंच राहिली. राहायच्या खोल्या आणि वर्ग यांच्या मधल्या वाटेवर दोडक्याचा लांब मांडव होता. बांबूला बांबू धरत मी वर्गात जायची, बांबूला बांबू धरत परत यायची. बाकीच्या वेळी दोडके काढायची, शिरा सोलायची, स्वयंपाकघरात पोचवायची. मांडव माझाच आहे असं सगळ्या बायका म्हणायच्या आणि मला ते आवडायचं.

गवत आलं त्या संध्याकाळी देशिंगकरबाईंनी आम्हाला व्हरांड्यात बसवलं. बाई केंद्राच्या प्रमुख. डोळस होत्या, पण आमच्यासमोर कधी 'हे बघा' म्हणायच्या नाहीत, 'हे ऐका' म्हणायच्या.

"हे ऐका. कोल्हापूरच्या एका नर्सरीवाल्यांनी नर्सरी बंद केली आणि हे ठोंब आपल्याला दिले. बागेसाठी लावतात. वर रेशमासारखे तुरे येतात. माझ्या मनात होतं की मांडव काढून त्या जागी हे लावावं. पण दोडका तुम्ही खाता, वाट तुमची आहे. तुम्ही ठरवा."

"मांडव का काढायचा?" मी विचारलं.

"बांबू वाळवीनं पोखरलेत, मालन. कुणाच्या तरी डोक्यात पडतील. शिवाय दोडक्याचं करायला किती लागतं! चांगली माती, शेणखत, दिवसाआड पाणी, वर आधाराला मांडव. आणि चार महिन्यांत वेल वाळला की पुन्हा पहिल्यापासून. हे गवत एकदा लागलं की काही मागत नाही."

"मागत नाही आणि देतही नाही, बाई."

बायका हसल्या. मला जोर चढला.

"दोडक्याची मूगडाळ घालून भाजी होते. शिरांची चटणी होते. जून झाला तर आतली जाळी अंग घासायला होते. ह्या गवताचं काय करायचं? ते डोळेवाल्यांचं सुख. पाहुणे येतील, 'वा, काय छान दिसतंय' म्हणतील आणि जातील. आपल्याला काय त्याचं?"

"आवाज हाय की त्याला," कोपऱ्यातून रोशनबी म्हणाली. ती जन्मापासून आंधळी, इचलकरंजीची, माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठी. तिनं एक ठोंब मांडीवरच घेतला होता बहुतेक. पात हलवून दाखवली. सळसळ झाली.

"सळसळ भाकरीबरोबर खाता येते का?"

"पोट भरल्यावर माणूस काय करतंय मग? बसतंय आणि ऐकतंयच की! दोडका सांग बरं, कधी बोलला तुझ्याशी?"

पुन्हा हशा. पण हात वर करायची वेळ आली तेव्हा दोडकाच जिंकला. बाईंनी एकेकीच्या हाताला हात लावून मोजलं. गवताच्या बाजूनं रोशनबी आणि आणखी एक मुलगी, बस्स.

"मग हे ठोंब?" बाई म्हणाल्या. "फेकायचे का?"

"मला द्या," रोशनबी म्हणाली. "पटांगणाच्या त्या टोकाला, तारेच्या कुंपणाजवळ लावते. तिथं कुणाचंच काही येत न्हाई."

तिथं नुसता मुरूम होता. रोशनबी पहार घेऊन दोन दिवस खणत होती, आवाज आमच्यापर्यंत यायचा. पावसाचे दिवस होते म्हणून ठोंब जगले. पुढं ती कपडे धुतलेलं पाणी बादलीनं नेऊन ओतायची. मी कधी तिकडं गेले नाही. जायला मध्ये अख्खं पटांगण होतं आणि पटांगणात धरायला काही नव्हतं.

भादवा-आश्विनात दोडका असा लागला की शेजारच्या वस्तीवर वाटून झाला. दिवस कलला की त्याची फुलं उमलायची. फार मंद वास, पण मला यायचा. रोशनबी मांडवाखाली येऊन म्हणायची, "हरले बाई. तुझ्या दोडक्यानं खाऊ घातलं खरं." आणि शिरांची चटणी ती माझ्याहून जास्त खायची.

मग पानं खरबरीत झाली. दोडके आखूड, वाकडे येऊ लागले. दिवाळीच्या आधी वेल वाळला, आणि बाईंनी माणसं बोलावून मांडव उतरवला. बांबू खरंच आतून पोकळ झाले होते, जमिनीवर टाकले की भुसा सांडल्यासारखा आवाज यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वर्गात जायला निघाले. पायऱ्या उतरून सवयीनं हात पुढं केला. हाताला काहीच लागलं नाही.

तिथंच उभी राहिले. बायका बाजूनं जात होत्या, काठ्यांची टकटक होत होती. कुणीतरी म्हणालं, "चल की मालन." मी म्हटलं, "डोकं दुखतंय," आणि भिंत धरून खोलीत परत आले. तेव्हा माझं मलाच कळलं. त्या संध्याकाळी मी दोडक्यासाठी भांडलेच नव्हते. बांबूंसाठी भांडले होते.

त्यानंतर रोशनबीचा दंड धरून वर्गात जायची. ती गेली नाही तर मीही जायची नाही. काठी खिळ्यालाच.

दिवाळी झाल्यावर महादेव भेटायला आला. बरोबर उज्जी नव्हती. आत्याबाईंनी दिलेला चिवडा आणला होता. व्हरांड्यातल्या बाकावर आम्ही बसलो. गावाकडचं सगळं सांगून झालं आणि तो बाकाची कड नखानं खरवडायला लागला. मनात काही असलं की तो असंच करायचा.

"काय झालं?"

"काय न्हाई. दादाकडच्या वहिनी म्हणत होत्या, चौथी झाली की बास करू. उज्जीचं म्हणतोय."

"बास म्हणजे?"

"पाचवीची शाळा लांब हाय. तू बी घरी येशील तवर. मी दिवसभर कामावर, आईचे गुडघे गेलेत. तुझ्या हाताशी कोण तरी पायजेच की."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार, मालन? मला का ते बरं वाटतंय? पण तू सांग, दुसरं काय करायचं?"

त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर भांडता आलं असतं. मी खिळ्याला अडकवलेल्या काठीबद्दल त्याला काही सांगितलं नाही. तो एसटी गाठायला निघाला. फाटकाची कडी वाजली आणि मी बाकावर तशीच बसून राहिले.

उज्जीला गणित आवडायचं. पाढे म्हणत म्हणत ती मला चालवायची, पायांच्या ठेक्यावर. मला ते आठवत राहिलं.

माळावरून वारा सुटला होता. दुपारची वेळ, बायका झोपलेल्या. आणि लांबून, पटांगणाच्या पलीकडून आवाज येत होता. आधी वाटलं कुणी धुतलेलं लुगडं झटकतंय. पण तो थांबत नव्हता. वाढायचा, पातळ व्हायचा, पुन्हा वाढायचा. रोशनबीचं गवत. इतके दिवस तो आवाज होताच, मी ऐकला नव्हता.

उठले. खोलीत गेले, खिळ्यावरची काठी काढली. तिच्यावर धूळ बसली होती, पदरानं पुसली. पायऱ्या उतरले आणि आवाजाकडे तोंड करून उभी राहिले. ठरवलं असं काही नाही. उज्जीला पाचवीत घालायचं असेल तर मला कुठंतरी जाता आलं पाहिजे, आणि जायला त्या वेळी ती एकच जागा होती, जी मला हाक मारत होती.

निघाले. सरांनी सांगितलं होतं तशी काठी डावी-उजवी फिरवत. मुरूम पायाखाली करकरत होता. आवाज समोरून येत होता, हळूहळू जवळ येत होता. मला हसू यायला लागलं, एवढं सोपं होतं तर!

आणि वारा पडला.

गवत एकदम गप्प झालं. मी पटांगणाच्या मध्यात कुठंतरी उभी होते. काठी पुढं केली, मुरूम. बाजूला केली, मुरूम. मागं वळले आणि लगेच कळलं की वळायला नको होतं. आता पुढं कुठलं आणि मागं कुठलं ते गेलं. चारी बाजूंनी सारखंच मोकळं. मी खाली बसले. ओरडावं वाटलं. रोशनबी म्हणून हाक मारली असती तर कुणीही धावत आलं असतं, हाताला धरून नेलं असतं. हाक ओठांपर्यंत आली. मग वाटलं, आज ही हाक मारली तर घरी जाऊन अशीच हाक मी दुसऱ्या माणसाला मारत राहीन. तिचं नाव उज्जी आहे.

बसून राहिले. किती वेळ कुणास ठाऊक. एक टिटवी ओरडत गेली. रस्त्यावरून एसटीचा भोंगा आला, महादेव कदाचित त्यातच असेल. ऊन मानेवर लागत होतं.

मग वारा आला. आधी माझ्या पाठीला लागला, पदर हलला, आणि क्षणभरानं समोरून गवत बोललं. समोरूनच! वळून वळून मी बरोबर तोंड करून बसले होते.

उठून चालायला लागले, या वेळी हसले नाही. वारा कमी झाला की थांबायची, आला की चालायची. आणि एकाएकी खरखरीत पात हाताला लागली. मी दोन्ही हात आत घातले. ठोंब माझ्या डोक्याच्याही वर गेले होते. एक तुरा गालावरून गेला, इतका मऊ की उज्जी तान्ही असतानाचं जावळ आठवलं. मी तिथं उभी राहून रडले, मोठ्यानं.

"रड, रड. कुणी ऐकत न्हाई," गवताच्या आतून आवाज आला.

मी दचकून काठीच उगारली. "रोशनबी? तू इथं काय करतेस?"

"रोज दुपारी येते की. तू पायऱ्या उतरलीस तवापासून ऐकतेय."

"आणि वारा पडला तेव्हा? मी मध्येच बसले तेव्हा?"

"तवा बी."

"हाक मारायची नाहीस का गं, मेले!"

"मारली असती तर माझ्या हाताला धरून आली असतीस," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "खरं सांगू? मी बी लई घाबरले होते. अल्लाचं नाव घेत बसले होते. अजून जरा उशीर झाला असता तर आलेच असते धावत."

आम्ही दोघी गवताच्या आणि कुंपणाच्या मधल्या बोळात बसलो. मी तिला शाळेचं सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "मग शीक की चालायला. वारा रोज थोडाच असतोय."

शिकले. लगेच नाही. नळाला धडकले, वाळत घातलेल्या साड्यांत गुरफटले, एकदा चुकून स्वयंपाकघरात पोचले आणि आचारीणबाईंच्या पिठात हात घातला. सर म्हणायचे, "चुका होताहेत, पण वेग चांगला." महिन्याभरात मी पटांगण वारा नसतानाही ओलांडायला लागले. उन्हाची बाजू, रस्त्याची बाजू, भांड्यांचा आवाज, पायाखालचा उतार, असं सगळं कळायला लागलं. मग फाटकाबाहेर. मग कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत.

पौषातल्या एका रविवारी महादेव उज्जीला घेऊन आला. फाटकातून धावत येण्याचा आवाज आला, आणि मी काही म्हणायच्या आत माझ्या हाताखाली तिचा खांदा आला. डावा.

"आई, चल. कुठं जायचंय तुला?"

"कुठं नाही. तू जा, खेळ."

"कुणाबरोबर? इथं सगळ्या मोठ्याच बायका."

"माझ्याबरोबर खेळ. लपाछपी."

तिनं माझी बोटं धरली. आईची समजूत घालायची असली की मुलं अशी बोटं धरतात. "आई, पण तुला..."

"राज्य माझ्यावर. डोळे मिटायची पण गरज नाही. चोरून बघेन अशी भीती नाही तुला."

ती हसली नाही. महादेव म्हणाला, "अगं, काय हे? पडशील कुठं तरी."

"पडले तर उठेन. उज्जे, मी आकडे म्हणते. पटांगण सोडून बाहेर जायचं नाही."

मी तोंड भिंतीकडे करून मोठ्यानं आकडे म्हणायला लागले. आधी ती जागची हलली नाही. मग चपला करकरल्या, थांबल्या, पुन्हा करकरल्या आणि लांब गेल्या.

मी काठी घेऊन निघाले. मागं महादेवची पावलं आली, दोन-चार, मग थांबली. त्यानं हाक मारली नाही. पटांगणाच्या मध्यात मी उभी राहिले. त्या दिवशी वारा अजिबात नव्हता. सगळं गवत गप्प होतं, फक्त डाव्या टोकाचा एक ठोंब थोडा थोडा सळसळत होता. हसू दाबणाऱ्या पोरीसारखा.

मी सरळ तिकडं गेले, पात बाजूला केली आणि हात घातला. हाताला वेणी लागली.

"सापडलीस!"

उज्जी किंचाळली. "आई! तुला दिसलं?"

"दिसलं नाही. तू हललीस."

"मी हलले नाही!"

"गवतानं चुगली केली."

ती माझ्या पोटाला बिलगली, आणि लगेच सुटून नाचायला लागली. "परत! परत! बाबा, आईनं शोधलं मला! एकटीनं!"

महादेव आमच्याजवळ आला होता. गवताचा एक तुरा तोडून बोटांत फिरवत असावा, तसा बारीक आवाज येत होता.

"पाचवीची शाळा लांब पडंल हिला," शेवटी तो म्हणाला.

"पडू दे."

"एकटी कशी जाईल?"

"गावातल्या पोरींबरोबर. आणि पहिले चार दिवस मी सोडायला जाईन."

"तू?" तो म्हणाला. मग तो तुरा माझ्या हातात दिला. "बरं. जूनमधी नाव घालू तिचं. वहिनींना मी सांगतो."

उज्जीचं आमच्याकडं लक्षच नव्हतं. ती माझा हात ओढत होती. "आई, आता राज्य माझ्यावर. तू लप. बाबा, तुम्ही सांगायचं नाही हं!"

तिनं पाण्याच्या टाकीपाशी जाऊन, तोंड फिरवून आकडे म्हणायला सुरुवात केली. एक, दोन, तीन. मी गवताच्या आणि कुंपणाच्या मधल्या बोळात शिरले, पार टोकापर्यंत गेले आणि काठी छातीशी धरून श्वास रोखून उभी राहिले. तिचे आकडे संपले. चपला इकडं आल्या, तिकडं गेल्या. टाकीमागं गेल्या, पायऱ्यांपाशी गेल्या.

"आई?" मग जरा मोठ्यानं, "आई! बाबा, आई कुठं गेली?"

"मला बी दिसंना गं," महादेव म्हणाला, आणि तो खरं बोलत होता.

माझ्यापासून हातभर अंतरावरून माझी लेक मला शोधत गेली, आणि मी हलले नाही.